सुईचं पलीकडचं टोक

"डॉक्टर, हे माझं की तुमचं?"

बसड्रायव्हरनं हे इतक्या सहज विचारलं की डॉक्टरला वाटलं, खाली पडलेल्या रुमालाबद्दल विचारतोय. ड्रायव्हर खुर्चीत पाय लांब करून बसला होता, गुडघ्याभोवती सुया उभ्या होत्या, आणि त्यांतल्या एकीच्या शेजारी रक्ताचा थेंब होता. त्यानं सवयीनं कापूस घेऊन तो टिपला आणि म्हणाला, "तुमचंच. येतो कधीतरी एखादा थेंब, वाईट नसतं ते." टिपलेल्या जागी पुन्हा थेंब आला. ड्रायव्हरनं तिकडं बघितलं, मग त्याच्या हाताकडं बघितलं आणि रस्त्यावरचा खड्डा दाखवावा तसं बोट वर केलं. "वरून पडतंय." वरूनच पडत होतं. ट्रेमधून उचलताना एक सुई त्याच्या अंगठ्याच्या मांसल भागात शिरली होती आणि तिथंच रुतून बेवारस वस्तूसारखी लोंबत होती. ती कधी शिरली, कुणास ठाऊक. त्यानं ती काढली. काढतानाही काही झालं नाही. "जगाला टोचता टोचता आज स्वतःलाही घेतलंत टोचून," ड्रायव्हर खूश होऊन म्हणाला, "आता तुमचेही गुडघे सुधारतील." तो हसला. अशा वेळी हसायचं असतं, हे त्याला इतक्या वर्षांत कळलं होतं. पण हसता हसताच तो थांबला. रक्ताचं त्याला काही नव्हतं. आत्ताच, थेंब पडायच्या जरासंच आधी, ड्रायव्हरच्या गुडघ्यातली सुई फिरवताना तो म्हणाला होता, "धरलं," आणि ड्रायव्हर म्हणाला होता, "हो." ते धरल्याचं त्याला कळलं कुठल्या बोटानं?

धरलं हा धंद्यातला शब्द नव्हता, त्याचा स्वतःचा होता. अ‍ॅक्युपंक्चर करणारे इतर लोक सुई घातली की पेशंटला विचारतात, जड वाटतंय का, मुंग्या आल्या का, कळ गेली का खालपर्यंत. तो विचारत नसे. त्याला शिकवणारा म्हातारा, ज्याच्या अंगाला कायम कडू पाल्याचा वास यायचा, म्हणाला होता की पेशंटला विचारणं म्हणजे आंधळ्यानं रस्ता आंधळ्याला विचारणं. तुझ्या बोटाला कळलं पाहिजे. मग म्हातारा जाडजूड पुस्तकाच्या पानाखाली डोक्याचा एक केस ठेवायचा आणि म्हणायचा, कुठं आहे सांग. पान वरून गुळगुळीत. बोट फिरवून फिरवून सालटं निघायची वेळ येई, तेव्हा कुठं पानाखाली एक शंका लागायची. केस सापडला की म्हातारा आणखी एक पान वर टाकायचा. शिकणारे पळून जायचे. तो राहिला. आणि एका दुपारी म्हाताऱ्याच्याच पोटरीत सुई घालताना ते पहिल्यांदा झालं. सुई लोण्यातून जावी तशी जात होती, रिकामी, बिनकामाची. आणि एकाएकी आतून, पलीकडून, कुणीतरी तिचं टोक धरलं. ओढलं नाही, ढकललं नाही, नुसतं धरलं. अंधारात भिंत चाचपत जाताना आपल्या हातावर दुसरा हात यावा, तसं. तो दचकून "धरलं" म्हणाला, आणि म्हातारा पोटरी न हलवता म्हणाला, "मला आधीच कळलंय, गाढवा. पण तुला कळलं हे बरं झालं." तेव्हापासून तो प्रत्येक सुईला आधी स्वतः म्हणायचा, धरलं, आणि मग पेशंट म्हणायचा, हो. हा त्याचा रुबाब होता. पेशंट बाहेर जाऊन सांगत, आपल्याला काय होतंय ते यांना आपल्याआधी कळतं.

बाकी बोलण्यात त्याच्याइतका थापाड्या शोधून सापडला नसता. सुया आत असेपर्यंत माणूस हलू नये म्हणून तो गोष्टी सांगायचा, आणि सांगता सांगता पदरचं इतकं घालायचा की मूळ गोष्ट त्यात ओळखू येत नसे. एका पैलवानाच्या दंडानं म्हणे सुई अशी आवळून धरली की ती सुटेना. दंड सैल पडावा म्हणून पैलवानाला विनोद सांगावा लागला, आणि पैलवानाला तो कळेपर्यंत संध्याकाळ झाली. एका न्यायाधीशाला अशी उचकी होती की निकाल वाचताना प्रत्येक आरोपीला शिक्षा दोनदा ऐकू यायची, आणि एकानं तर दोन्ही भोगल्या. लोक हसत, सुया थरथरत, दुखणं थोडं बाजूला सरकून बसे. पण या सगळ्यात त्यानं मनाशी एक वाटणी करून ठेवली होती. गोष्टी खोट्या, धरलं खरं. तोंड काय वाटेल ते बोलो, बोट खोटं बोलणार नाही. आता ड्रायव्हर जिना उतरून गेला, खालच्या किल्लीवाल्याच्या कानशीचा करकर आवाज वर येत राहिला, आणि तो रिकाम्या खोलीत अंगठा तोंडासमोर धरून उभा राहिला. धरलं कधीच गोष्टींच्या बाजूला जाऊन बसलं होतं. त्याला न विचारता.

कधी, हे आठवू लागला तर सगळीकडे त्याच्याच खुणा सापडायला लागल्या, हरवलेली वस्तू शोधताना घरभर आपलेच निष्काळजी हात दिसावेत तशा. शर्टाचं बटण लावताना खाली बघावं लागायचं. खिशातली किल्ली किल्ली आहे की नाणं, हे बाहेर काढल्याशिवाय कळायचं नाही. पुस्तकाची दोन पानं एकदम उलटायची आणि गोष्ट जुळत नाही म्हणून तो लेखकाला नावं ठेवायचा. त्याही आधी पाय. एकदा चप्पल जिन्यातच राहिली आणि तो एक पाय अनवाणी वर येऊन दिवसभर काम करत राहिला, संध्याकाळी किल्लीवाला चप्पल घेऊन आला आणि म्हणाला, "हिला कुलूप नाही, म्हणून परत आणली." त्यानं या प्रसंगाचीही गोष्ट केली होती, तीत पदरचं एक कुत्रंही घातलं होतं, आणि लोक फार हसले होते. त्या सगळ्या दिवसांत तो सुया घालत होता, धरलं म्हणत होता. कशाच्या जोरावर? आता त्याला दिसलं, की तो चेहऱ्यांकडे बघत असायचा. पापणी हलते, ओठ जरा मिटतो, श्वास अडतो, आणि तो म्हणतो, धरलं. बोटांनी काम सोडलं होतं आणि डोळ्यांनी कुणाला न सांगता त्यांच्या जागी सह्या करायला सुरुवात केली होती. आणि यातली भयंकर गोष्ट अशी, की लोक बरे होत होते. पूर्वी जितके व्हायचे तितकेच. अगदी तितकेच.

मेव्हणा नसांचा डॉक्टर होता. बायकोचा धाकटा भाऊ. लग्नाच्या वेळी तो शाळकरी होता, आणि तेव्हापासून आजपर्यंत त्यानं या भावजींना एकदाही सरळ नावानं हाक मारली नव्हती. टोचणीराव, सुईसम्राट, कधी नुसतंच महाराज. त्याच्या दवाखान्यात भिंतीवर मेंदूचं रंगीत चित्र होतं. कुणीतरी अक्रोड सोलून त्याचा नकाशा काढावा, तसं. त्याखाली बसून मेव्हण्यानं हात पुढं केला. "द्या. आज माझी पाळी." मनगटावर गार पट्टी बांधली, बोटांना तारांची कडी घातली. "करंट देतोय. लागला की सांगा."

तो वाट बघत राहिला. बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं आणि नर्स त्याला फुगा दाखवत होती.

"देतोयस का?"

"केव्हाच दिलाय, भावजी."

भावजी. थट्टेचं नाव न घेता तो सरळ भावजी म्हणाला, आणि त्या एका शब्दानं अंगठ्यातल्या सुईनं केलं नव्हतं ते केलं, तो घाबरला. मेव्हणा पडद्यावरच्या सपाट रेघेकडं बघत बोलत होता. लांबच्या तारा आधी मरतात. आधी पायांना मोजे घातल्यासारखं होतं, मग हातांना हातमोजे. साखर असेल, वय असेल, कधी कारण सापडतही नाही. "हातमोजे काढता येतात," तो म्हणाला. "हे नाही येत," मेव्हणा म्हणाला. मग त्यानं गोष्ट सांगायच्या आवाजात विचारलं, म्हणजे त्याला तसं वाटलं, पण आवाज वेगळाच निघाला: "पण मग लोकांना बरं कसं वाटतं? मला काही कळत नाही, सुई कुठं पोचली ते ठाऊक नाही, आणि माणूस उठून चालायला लागतो."

मेव्हण्यानं पट्टी सोडवली. "सुई टोचली की खबर पाठीच्या कण्यातून वर जाते. वर मेंदूच्या बुडाशी एक जागा आहे, तिथून खाली निरोप येतो, की दुखण्याला जरा दारातच थोपवा. शरीर स्वतःची अफू स्वतः तयार करतं. हे आम्ही यंत्रात बघितलंय, मेंदूतल्या जागा उजळतात, मावळतात. यात थोतांड नाही." तो थांबला. "पण तीच दारं भरवशानंही हलतात. खोट्या सुया मिळतात, टोक सुईच्या मुठीतच मागं सरकतं, कातडीत जातच नाही. माणसाला वाटतं गेली. त्याचंही दुखणं कमी होतं. खऱ्या सुईनं थोडं जास्त होतं. कधीकधी तेवढाही फरक दिसत नाही."

"म्हणजे मी आजवर काय केलं?"

"बरं वाटवलंत. आणि माझ्या गोळ्यांमध्येही थोडा भाग माझ्या पाटीचा असतोच की. ते मी कुठं कुणाला सांगतो." मग तो खुर्ची ओढून जवळ आला. "पाठी, गुडघे, तुमचं तुम्ही बघा. पण ताईच्या डोळ्याजवळ या हातानं सुई न्यायची नाही. तिला तुम्ही सांगा. तुमच्यानं झालं नाही तर मी सांगीन."

घरी जाताना रस्ता पायांखाली कापसासारखा होता, आणि आज पहिल्यांदाच तो कापूस आपल्या पायांतला आहे हे त्याला ठाऊक होतं. बायकोला सांगणं म्हणजे नुसतं सांगणं नव्हतं. तिच्या उजव्या गालात एक नस होती, जिला कुठलंही कारण पुरायचं. वारा लागला, पाण्याचा घोट गार निघाला, दात घासताना ब्रश जरा वर गेला, की गालातून वीज जायची, कानापासून ओठापर्यंत, आणि ती जिथं असेल तिथं पुतळ्यासारखी थांबायची. हात गालाजवळ यायचा पण गालाला लागायचा नाही, हवेतच ओंजळ धरून राहायचा. घास चावणं बंद झालं होतं. पातळ, कोमट, चमच्यानं, डाव्या बाजूनं. आणि सगळ्यात मोठं कारण बोलणं. जी बाई आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोलण्याचाच पगार घेत आली, समोरच्या फळीवरच्या भोकांत दोऱ्यांच्या पिना खुपसून अख्ख्या शहराची गाठ घालून देत आली, तिच्या घरात आता खुणा चालायच्या. चहा म्हणजे हाताचा कप. पुरे म्हणजे तळवा. गोळ्यांनी वीज थांबायची पण गोळ्या तिला झोपाळू करायच्या, रक्तातलं मीठ उतरवायच्या, एकदा त्याच गुंगीत ती न्हाणीघरात पडली होती. ऑपरेशनचं मेव्हण्यानं अनेकदा काढलं होतं, कानामागून आत जायचं, नसेवर चढलेली रक्तवाहिनी बाजूला करायची. तिनं प्रत्येक वेळी तळवा दाखवला होता. तेव्हा उरल्या त्या सुया. एक दिवसाआड, दिवेलागणीला, पंखा बंद करून, तो तिच्यासमोर बसायचा. दोन हातांत दोन, जबड्याच्या सांध्यापाशी एक, गालाच्या हाडाखाली एक, आणि डोळ्याच्या कोपऱ्याजवळ ती एक, जिला तो मनातल्या मनात पाहुणी म्हणायचा, कारण तिला फार जपावं लागे. त्या सुयांच्या जोरावर ती अर्ध्या गोळ्यांवर राहत होती, जागी राहत होती. त्या गेल्या तर काय, हा हिशेब करायला फार हुशारी लागत नव्हती.

त्या संध्याकाळी त्यानं सांगितलं नाही. माणूस जसा स्वतःशी घासाघीस करतो तशी त्यानं केली: पाहुणी आज राहू दे, बाकीच्या घालू, सांगायचं ते उद्या. तिनं केस मागं घेतले, गाल त्याच्याकडं केला. डावा गाल सुरकुतलेला होता, उजवा नव्हता. दुखणं जागं होईल या भीतीनं तिनं ती बाजू इतकी वर्षं हलवलीच नव्हती, त्यामुळं चेहऱ्याचा तो भाग तरुण राहिला होता, लग्नातल्या फोटोतला. त्या गालाकडं बघताना त्याला नेहमी आपण दोन बायकांसमोर बसलोय असं वाटायचं, एक जी सगळं सोसून इथपर्यंत आली आणि एक जी वाटेतच कुठंतरी श्वास रोखून थांबली. त्यानं जबड्यापाशी सुई टेकवली, आत नेली, फिरवली. बोटांत काही नाही. पानाखाली केस नाही, पानही नाही. त्यानं तिच्या पापणीकडं बघितलं. पापणी हलली.

"धरलं," तो म्हणाला.

एरवी ती डोळे एकदा मिटायची, ते तिचं हो. आज तिनं डोळे उघडले आणि ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून, मोजून एक शब्द काढला.

"नाही."

त्याला वाटलं सुई चुकली. "आज नाही? थांब, थोडी तिरकी..."

"आज नाही," ती म्हणाली, "असं नाही. खूप दिवस झाले."

त्या वाक्याची किंमत तिनं लगेच मोजली. वीज आली, तिचा हात गालाजवळ हवेत थांबला, आणि तो समोर बसून राहिला, हात मांडीवर, कारण त्या हातांनी आता काय करायचं असतं ते त्याला आठवेना. कळ ओसरली. तिनं सुई स्वतःच, आरशाशिवाय, अलगद काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"मग बोलली का नाहीस कधी?"

आणखी एका वाक्याची जोखीम घ्यावी की नाही, याचा ती विचार करत असावी. "तुम्ही किती खुशीत म्हणायचात ते," ती म्हणाली.

"पण दुखणं थांबायचं ना?"

तिनं हात पसरून इकडं-तिकडं हलवला. कधी थांबायचं, कधी नाही. मग त्याच्या खुर्चीकडं बोट केलं, स्वतःच्या खुर्चीकडं केलं, दोन बोटं शेजारी शेजारी टेकवली. तुम्ही इथं बसायचात, त्यानंही असेल.

तो उठून खिडकीपाशी गेला. समोरच्या इमारतीत कुणीतरी जिन्यातला दिवा लावत होतं, तो लागत होता आणि विझत होता. तिनं त्याला फसवलं नव्हतं, तिनं फक्त डोळे मिटले होते. पण आता एकेक चेहरा त्याच्यासमोर यायला लागला: ड्रायव्हर, मान आखडलेली शिवणकामवाली, खांद्याचा रंगारी, तो प्रत्येक वाक्याला मान डोलावणारा निवृत्त पोस्टमास्तर, आणि त्या सगळ्यांचं ते हो. हो डॉक्टर. धरलं डॉक्टर. त्यांना तरी कळत होतं का? की म्हातारा होत चाललेला एक माणूस चेहरा पुढं करून वाट बघतोय, त्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून तेही डोळे मिटत होते? इतकी वर्षं त्याला वाटत होतं आपण शहराचं दुखणं उतरवतोय. कदाचित सगळं शहर आळीपाळीनं जिना चढून येत होतं आणि त्याची समजूत घालून जात होतं. आणि त्यातून कोण बरं होत होतं? दुखण्याला दारात थोपवणारी ती मेंदूच्या बुडाशी असलेली जागा, ती तिच्या डोक्यात उजळत होती की त्याच्या? त्यानं खिडकीच्या कडेवर बोट दाबलं, खूप जोरात दाबलं, नख पांढरं झालं. कड तिथं आहे हे त्याला फक्त दिसत होतं. मागं वळून त्यानं तिला सगळं सांगितलं, करंट, सपाट रेघ, हातमोजे, मेव्हण्याची ताकीद. तिनं ऐकून घेतलं. तिला यातलं काहीच नवीन वाटलं नाही, हे त्याला सगळ्यात जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं दवाखान्याच्या दाराला पाटी उलटी लावली. किल्लीवाल्यानं जिन्याखालून विचारलं, "कुठं परगावी?" तो म्हणाला, "इथंच." "मग बंद कशाला?" याला त्याच्याकडं गोष्ट नव्हती. पुढचे दिवस घरात एका मोठ्या, बिनकाट्यांच्या घड्याळासारखे उभे राहिले. सुया नव्हत्या, आणि वीज पुन्हा मोकळी सुटली. सकाळी तोंड धुताना, दुपारी सायकलच्या घंटीनं, कधी नुसत्या विचारानं. गोळ्या वाढवल्या तशी ती भिंत धरून चालायला लागली, बोललेलं तिला उशिरा पोचायला लागलं. मेव्हणा आला, चहा घेतला, ऑपरेशनची तारीख कधी मिळू शकते ते सांगितलं. "ताई, हट्ट नको आता." ती जड डोळ्यांनी त्याच्याकडं बघत म्हणाली, "ठरवते." जाताना मेव्हणा दारात त्याला हळू म्हणाला, "ती तुमच्यासाठी नाही म्हणतेय असं मला नेहमी वाटायचं. तुमचं मन मोडू नये म्हणून." मेव्हणा गेला आणि ते वाक्य घरातच राहिलं. दुपारी तिला तीन-चार कळा लागोपाठ आल्या तेव्हा तो सुयांची पेटी घेऊन तिच्यासमोर बसला. झाकण उघडलं. खोटं धरलं म्हणता आलं असतं, तिनं पुन्हा डोळे मिटले असते, आणि मेव्हणाच म्हणाला होता, भरवशानंही दारं हलतात. पण आता भरवसा कुठून आणायचा? तो दोघांनी मिळून बनवलेला होता, आणि दोघांनी मिळून तो खाली ठेवला होता. त्यानं झाकण लावलं.

तिनं ते पुन्हा उघडलं. पेटी आपल्या बाजूला ओढली, एक सुई काढली, उजेडाकडं धरून बघितली आणि त्याचा डावा हात धरून टेबलावर पालथा ठेवला.

"काय करतेस?"

तिनं सुईनं त्याच्या अंगठा आणि तर्जनीमधला उंचवटा दाखवला, मग स्वतःच्या हातावरची तीच जागा, मग गाल. गालाच्या दुखण्याला हातातून जायची ती वाट तिनं इतक्या वेळा सोसली होती की पत्ता तिला पाठ होता. फक्त घर उघडायचं कसं ते ठाऊक नव्हतं. आणि शिकायला याच्याइतका चांगला हात कुणाचा मिळणार, ज्याला दुखत नाही?

त्याला आधी हसू आलं, मग ते आलं तसं गेलं. "हलकं धर," तो म्हणाला. "पैलवानाशी कुस्ती नाही खेळायची." पहिली सुई वाकली. दुसरी कातडीवरच घसरली. "ढकलू नकोस. तू नेऊ नकोस, तिला जाऊ दे. अंगठ्यानं फिरव, जराशी, पुढं, मागं." आपला आवाज म्हाताऱ्यासारखा निघतोय हे त्याला ऐकू आलं. तिसरी आत गेली. त्याला काहीच नव्हतं. टेबलावर एक हात होता, त्यात एक सुई जात होती, आणि तो दुसऱ्याच्या घरात खिडकीतून बघावं तसं बघत होता. "अजून थोडी. थांब. आता रिकामी वाटतेय?" तिनं मान हलवली, हो. "मग अजून. आणि फिरवताना दुसरीकडं बघ. माझ्याकडं बघू नकोस, माझा चेहरा खोटा आहे." ती भिंतीकडं बघू लागली. तिची बोटं हळूहळू फिरत होती, एवढीशी, एवढीशी. आणि मग ती थांबली.

त्यानं तिच्याकडं बघितलं. तिच्या भुवया वर गेल्या होत्या, दोन्ही. ओठ उघडले होते, पूर्ण, कानापर्यंत. जो गाल इतकी वर्षं हलला नव्हता तो हलला होता, त्यावर सुरकुत्या पडल्या होत्या, आणि एका क्षणात त्या बाजूची ती थांबलेली बाईही वय ओलांडून इकडं येऊन पोचली होती. तिला स्वतःला ते कळलं नव्हतं. ती आपला चेहरा सांभाळायला विसरली होती. त्याच्या हातात, जिथं त्याचं त्याला काहीही लागत नव्हतं, तिथं कुणीतरी सुईचं टोक धरलं होतं आणि ते तिला कळत होतं. शब्द त्याच्या जिभेवर आला होता. त्यानं तो गिळला. तो शब्द आता त्याचा नव्हता, आणि तिलाही त्याची गरज दिसत नव्हती.

मग तिनं दुसरी सुई घेतली, डाव्या हातात धरून, स्वतःच्या उजव्या हाताला. त्याला उठून मदत करावीशी वाटली, पण तो बसून राहिला. सुई आत गेली, वाकडी गेली, तिनं ती परत थोडी काढून सरळ केली, फिरवली. तिचे डोळे मिटले. आता आत काय चाललंय, कुणी धरलं की नाही, हे सांगायला त्याच्याकडं बोटं नव्हती आणि विचारावं तर तिला बोलावं लागलं असतं. ते सगळं बोलणं आता तिचं तिच्याशी होतं, आणि तो खोलीत असून त्या बोलण्याबाहेर होता. हे त्याला फार एकटं वाटलं, आणि फार हलकंही. दोन्ही एकाच जागी वाटलं. इतक्यात तिच्या चेहऱ्यावरून वीज गेली. तो अर्धा उठला. तिनं डोळे न उघडता तळवा दाखवला, बसा, आणि सुई फिरवत राहिली, जराशी, पुढं, मागं. कळ गेली. ती मुळातच लहान होती, की तिनं ती लहान केली, की मेंदूनंच बुडाशी कुठंतरी दार ओढून घेतलं, हे दोघांपैकी कुणालाच कळायचं नव्हतं. पण तिचा हात यावेळी गालाजवळ गेला नाही. तो सुईपाशीच राहिला.

बऱ्याच वेळानं तिनं आपल्या हातातली सुई काढली, पेटीच्या झाकणात ठेवली आणि त्याच्याकडं बघून थबकली.

"तुमची राहिली," ती म्हणाली.

त्यानं खाली बघितलं. त्याच्या डाव्या हातात सुई तशीच उभी होती. इतका वेळ तो तो हात टेबलावर ठेवून बसला होता आणि सुई आपल्यात आहे हे विसरून गेला होता. तिनं ती काढायला बोटं पुढं केली.

"राहू दे."

"लागतंय का काही?"

"नाही."

"मग?"

"मला नाही लागत काही," तो म्हणाला. "तू फिरव."

ती खुर्ची टेबलाजवळ ओढून बसली, आणि तिनं सुई दोन बोटांत धरली.